वेगळेपणाचा ठराव

कांजूरमार्ग (पूर्व)
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय मिथुन,

अनेक आशीर्वाद. तू, रुचिरा आणि पोरं बरी असाल.

कांजूर ते घाटकोपर दोन स्टेशनं, आणि मी तुला पत्र लिहायला बसलोय. हसशील तू. पण माझा नंबर तू ब्लॉक केलास. रुचिराला लावला तर ती म्हणते, "दादा, हे घरात आहेत, नंतर करते," आणि ते नंतर काही येत नाही. तिचीही अडचण मला कळते. म्हणून म्हटलं, पोस्टमन तरी दारातून हाकलला जाणार नाही.

इकडे ठीक चाललंय. तुझ्या वहिनीची, मालनची, शुगर जरा वाढली होती, आता ताब्यात आहे. शाळेत माझी दोन वर्षं उरलीत. हेडक्लार्कचं काम तेच, फक्त आता सगळं ऑनलाइन भरावं लागतं आणि सर्व्हर दुपारीच झोपतो. एक आनंदाची बातमी आहे. श्रुतिकाचं लग्न ठरलं. मुलगा देवेश त्रिभुवन, मुलुंडचा, बँकेत आहे. स्वभावानं गरीब वाटला. त्याचे वडील आमच्या ख्रिस्ती महासभेच्या कार्यकारिणीवर आहेत, मोठं नाव आहे त्यांचं. लग्न मेमध्ये, आमच्याच मंडळीच्या चर्चमध्ये. पोरगी काकाला विचारते सारखी. तिला काय सांगू?

मिथुन, स्मशानात चारचौघांत तू जे बोललास ते मी विसरलेलो नाही. "आई एकटी गेली. तिच्या कानावर एक शब्द पडला नाही. मला फोन करायचं सुचलं नाही तुला, आणि आता फाटकात बूट घालून उभा राहिलास! तिच्यासाठी दोन ओळी तोंडातून निघत नाहीत तुझ्या?" मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतं.

पण माझी बाजू तुला कुणी सांगितली नसेल. आमच्या महासभेनं मे महिन्यात एक ठराव केला. त्याला सगळे वेगळेपणाचा ठराव म्हणतात. मंडळीच्या सभासदानं दुसऱ्या धर्माच्या कुठल्याही विधीत भाग घ्यायचा नाही. लग्न नाही, मयत नाही, घरच्यांचंसुद्धा नाही. प्रेताला खांदा चालेल, पण विधी सुरू झाला की बाहेर. मोडला तर वर्षभर प्रभुभोजनाला, त्या भाकर-द्राक्षरसाच्या मेजाला, बसता येत नाही, आणि पदावर असशील तर पदही जातं. मी कांजूर मंडळीच्या वडीलमंडळाचा, म्हणजे कारभारी मंडळाचा, सेक्रेटरी. त्या दिवशी आमचे पाळक, रेव्हरंड सुबोध रणनवरे, वडीलमंडळातल्या दोघांना घेऊन समाचाराला आले होते. पांढऱ्या शर्टातले ते तिघं तू पाहिले असशील. समाचारालाच आले होते, असं मी धरून चालतो.

तू म्हणशील, असली मंडळी हवीच कशाला? पण एक्क्याण्णव साली मला टीबी झाला तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. चाळीत माझा पेलासुद्धा वेगळा ठेवला होता. त्या आठ महिन्यांत रोज डबा आणून माझ्या शेजारी बसून जेवणारी माणसं याच मंडळीची होती. मी बाप्तिस्मा घेतो म्हणालो तेव्हा आपले नातेवाईक भडकले, आई नाही. ती म्हणाली, "तू आधी जग. मग कुणाला मानायचं त्याला मान." येशूवर माझा विश्वास तेव्हाचा आहे, भाड्याचा नाही.

त्या सकाळी हॉस्पिटलात मी होतो. तू साडेसातला ड्यूटीवर गेलास. दहा चाळीसला आई गेली. शांत होती. एवढंच सांगण्यासारखं आहे.

फोन सुरू कर. निदान पोरीच्या लग्नासाठी.

तुझा दादा,
भाऊराव


कांजूरमार्ग
सोमवार, १५ डिसेंबर २०२५

प्रिय मिथुन,

आशीर्वाद. पत्राला उत्तर नाही. पोचलं नाही असं मी धरत नाही.

आज लिहिणार नव्हतो. पण इथं जे चाललंय ते ज्याच्याशी बोलावं असा माणूस मला दिसत नाही. मालनशी बोलता येत नाही. तिचे वडील पाळक होते, तिचं सगळं आयुष्य या मंडळीत गेलंय.

फेब्रुवारीत महासभेची निवडणूक आहे. आमच्याकडे सरळ दोन गट पडलेत. जुने म्हणतात, आपण सगळे कुठून तरी आलोय, मागची घरं तोडून शुद्ध होता येत नाही. नवे म्हणतात, असं सैल सोडलं म्हणूनच मंडळ्या रिकाम्या झाल्या. रणनवरे नव्यांचे. माणूस चाळिशीचा, हुशार, रात्रीबेरात्री कुणी आजारी पडलं तर धावत जाणारा. त्याला वाईट म्हणणं मला जमत नाही. मुंबई विभागाचा अधीक्षक व्हायचंय त्याला, आणि देवेशचे वडील त्याच्या बाजूला आहेत.

गेल्या महिन्यात त्यांनी उपदेशात माझी गोष्ट सांगितली. "आपले ब्रदर भाऊराव. सख्खी आई गेली, भाऊ शिव्या देत होता, तरी हा माणूस फाटकाच्या आत गेला नाही." लोक आमेन म्हणाले. उपासना झाल्यावर दोघातिघांनी हात मिळवला. मी घरी येऊन उपाशीच झोपलो.

आता दर्शनाचं. तू तिला पाहिलंयस. आईच्या वॉर्डातली ती उंच सिस्टर, आईला "आजी, आज वेणी घालू का" म्हणणारी. ती आमच्या मंडळीतली. घरचे आपल्यासारखेच बौद्ध, विक्रोळीचे. चार वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला, संडेस्कूलमध्ये शिकवते, पोरं तिच्या अंगाखांद्यावर असतात. ऑक्टोबरमध्ये तिचे वडील वारले. ती आपल्या आईजवळ बसली, हात जोडले, सगळ्यांबरोबर वंदना म्हटली. कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं आणि ते फिरत फिरत मंडळीच्या ग्रुपवर आलं.

परवा शनिवारी तिला वडीलमंडळापुढे बोलावलं. आम्ही सात पुरुष टेबलाच्या या बाजूला, ती एका खुर्चीवर. कार्यवृत्त लिहायचं काम माझं.

पाळकसाहेबांनी विचारलं, "सिस्टर, हे तुम्हीच ना?"

"हो."

"दुःखात झालं असेल. पश्चात्ताप वाटतो एवढं म्हणा, आपण प्रार्थना करू, विषय संपला."

ती म्हणाली, "माझी आई थरथरत होती. तिचा हात धरून मी म्हटलं. त्याचा पश्चात्ताप कसा वाटेल? मी प्रभूला सोडलेलं नाही."

"मग बाकीचे कसे पाळतात? हे ब्रदर भाऊराव समोर बसलेत. त्यांनाही आईच होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग ती मान खाली घालून म्हणाली, "त्यांचं त्यांना माहीत."

ती तशी का बघत होती, ते आत्ता विचारू नकोस.

ठराव झाला. वर्षभर प्रभुभोजन बंद, संडेस्कूल बंद. सहा हात वर गेले. माझा सातवा. मसुदा मीच लिहिला, माझं अक्षर चांगलं म्हणून. ४ जानेवारीला, नव्या वर्षाच्या पहिल्या प्रभुभोजनाच्या रविवारी, तो मंडळीपुढे वाचायचा आहे. तोही मीच.

तब्येत सांभाळ. रुचिराला आशीर्वाद.

दादा


कांजूरमार्ग
सोमवार, १२ जानेवारी २०२६

प्रिय मिथुन,

सप्रेम जय भीम.

हे पत्र फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड. जे मी मंडळीला सांगितलं ते आधी तुला सांगायला हवं होतं. उलटं झालं. तेवढी चूक मान्य करून सुरुवात करतो.

४ तारखेला मंडळी भरलेली होती. मेजावर भाकर आणि द्राक्षरस पांढऱ्या कापडाखाली झाकलेला. पहिल्या बाकावर देवेशचे वडील, शरच्चंद्र त्रिभुवन, महासभेचे पाहुणे म्हणून. मालन आणि श्रुतिका बायकांच्या बाजूला. दर्शना शेवटच्या बाकावर तिच्या आईला घेऊन आली होती. म्हातारी पांढऱ्या साडीत, कुठं बसायचं, कधी उभं राहायचं तिला कळत नव्हतं.

मी कागद घेऊन उभा राहिलो. तारीख वाचली, ठराव क्रमांक वाचला. "बहीण दर्शना हिने आपल्या वडिलांच्या अंत्यविधीत..." इथं थांबलो. ते अक्षर माझं होतं, मिथुन, पण पुढचं वाचता येईना.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "वाचा, ब्रदर."

मी म्हणालो, "यात एक नाव राहिलंय."

"कुणाचं?"

"माझं."

कुणीतरी हसलं, माझा काही विनोद असेल असं वाटून. मग मी सांगितलं. माझ्या आईच्या शेवटच्या सकाळी तिच्या खाटेशी बसून मी तिच्याबरोबर त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. दर्शना सिस्टर तेव्हा सलाईन बदलायला आली होती. ती दारात थांबली आणि पुरं होईपर्यंत आत आली नाही. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वडीलमंडळापुढे तिनं एक शब्द काढला असता तर मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर असतो. तिनं काढला नाही, आणि मी तिच्याविरुद्ध हात वर केला.

पाळकसाहेबांनी स्वतःला सावरलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दुःखात माणूस गोंधळतो. ब्रदर भाऊरावांनी धैर्यानं कबुली दिली. त्यांना पश्चात्ताप आहे. हो ना, ब्रदर?"

मला सुटायचा रस्ता दिला होता, मिथुन. नुसतं हो म्हणायचं होतं. पद राहिलं असतं, पोरीचं लग्न राहिलं असतं. मी श्रुतिकाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, देवेशच्या वडिलांकडे बघत होती.

मी म्हणालो, "आईबरोबर म्हटलं त्याचा नाही. फाटकात उभा राहिलो, त्याचा आहे. आणि या मुलीविरुद्ध हात वर केला, त्याचा."

मग गलका झाला. कुणी म्हणे बाहेर काढा, कुणी म्हणे बोलू द्या. त्रिभुवनसाहेब उठले, कोट सारखा केला आणि मधल्या वाटेनं निघून गेले. तेवढ्यात जानकीबाई उभ्या राहिल्या. आमच्या सगळ्यात जुन्या सभासद, ब्याऐंशीच्या. काठी बाकावर आपटून म्हणाल्या, "माझ्या सासूच्या मयताला मी पुढं बसले होते. पन्नास वर्षं झाली. लिही रे माझंबी नाव." त्यांच्यामागून आणखी तिघं उठली. एक तर वडीलमंडळातला होता, त्या शनिवारी माझ्या शेजारीच हात वर करून बसलेला.

पाळकसाहेबांनी डोळे मिटून शेवटची प्रार्थना केली आणि सगळ्यांना घरी पाठवलं. मेज झाकलेलंच राहिलं. पस्तीस वर्षांत असं मी पाहिलं नव्हतं.

हे वाचून तुला वाटेल, दादा जिंकला. नाही. काल पुन्हा सभा झाली, हात मोजले. शेहेचाळीस विरुद्ध एकोणतीस. दर्शनाचा ठराव कायम, माझं नाव त्यात जोडलं. वर्षभर प्रभुभोजन नाही, सेक्रेटरीपद गेलं. रजिस्टरं, शिक्का, कपाटाची चावी देऊन आलो. पाळकसाहेबांनी चावी घेताना विचारलं, "भाऊराव, मला आधी एकट्याला सांगितलं असतं तर?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते अधीक्षकपद हातातून जातंय म्हणून होतं की माझ्यासाठी, मला ठरवता आलं नाही. मी म्हणालो, "तुम्ही माझी गोष्ट उपदेशात सांगितलीत, त्या दिवशी सांगायला हवं होतं."

मी मंडळी सोडणार नाही. मागच्या बाकावर बसायला कुणी मनाई केलेली नाही, आणि बसणार आहे. दर्शना म्हणते, तीही येणार. जुन्या गटातले काही जण म्हणतात वेगळी मंडळी काढू. मी नको म्हटलं. वेगळं होण्यावरनंच तर हे सगळं झालं.

मालन तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी ताट आपटून म्हणाली, "चार महिने शेजारी बसून जेवलात आणि मला सांगितलं नाहीत. मी काय तुमची मंडळी होते, की घाबरलात?" तिला आईबरोबर म्हटल्याचा राग नाही, लपवल्याचा आहे. आणि लेकीच्या लग्नाच्या तोंडावर सांगितल्याचाही आहे. दोन्ही राग खरे आहेत.

त्रिभुवनांकडून फोन आला, तूर्त थांबू म्हणाले. देवेश मात्र शुक्रवारी एकटा घरी आला. जेवला, भांडी धुवायला श्रुतिकाबरोबर मोरीत उभा राहिला. "पप्पांना वेळ द्या," एवढंच म्हणाला. पोरगी माझ्याशी तुटक बोलते. तिचं लग्न होईल का, मला माहीत नाही. मी तोंड बंद ठेवलं होतं ते बरंचसं तिच्यासाठीच, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर मला माझी खुर्चीही हवी होती.

आता तुझं. मंडळीत मी थोडक्यात सांगितलं. तुला सगळं सांगतो.

तू साडेसातला गेलास. सव्वाआठला आईला जाग आली. चेहरा स्वच्छ होता. तिनं स्वतःच हळू आवाजात त्रिशरण सुरू केलं. दुसऱ्या ओळीवर अडकली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच. असं तीनदा झालं. मग दाराकडे बघून म्हणाली, "मिथुन कुठाय? त्याला येतं."

मी म्हटलं, "कामावर गेला. बोलावू का?"

"नको. नवी नोकरी आहे त्याची, खाडा होईल. तू म्हण. विसरलास होय?"

कसा विसरेन? लहानपणी रोज संध्याकाळी तिनंच तर म्हणून घेतलं होतं. पण मी आधी मागं वळून पाहिलं, वॉर्डात ओळखीचं कोण आहे का. हे तुला सांगायला लाज वाटते, पण पाहिलं. मग पुटपुटत सुरू केलं. तर आई म्हणते, "मोठ्यानं म्हण की, मला ऐकू येत नाही."

मोठ्यानं म्हटलं. सगळं. ती ओठ हलवत होती. सलाईनचा हात उचलेना, म्हणून दुसरा एकटाच छातीवर आणला. संपल्यावर म्हणाली, "झालं. आता मिथुनला उगाच धावाधाव करायला लावू नको. संध्याकाळी येईल तेव्हा सांग, म्हातारीनं सगळं नीट म्हटलं."

म्हणून मी तुला फोन केला नाही. तिनं सांगितलं होतं. संध्याकाळ येईल असं तिला वाटलं होतं, मलाही वाटलं होतं. नंतर स्मशानात तू ओरडलास तेव्हा हा निरोप माझ्या तोंडात होता. पांढऱ्या शर्टातले तिघं दहा पावलांवर उभे होते. मी तो गिळला. आणि त्या दिवसापासून तू स्वतःला खात राहिलास, की तू कामावर गेलास आणि आई कुणी दोन शब्द म्हणायला नसताना गेली. रुचिरानं मला ऑक्टोबरात एकदा सांगितलं होतं, तू झोपत नाहीस म्हणून. ते ऐकूनही मी तुला पहिलं पत्र लिहिलं, आणि त्यात माझी बाजू मांडली.

आई एकटी गेली नाही, मिथुन. तुझी आठवण काढून, सगळं म्हणून, तुला कामावर राहू दे असं सांगून गेली. हे वाक्य अकरा सप्टेंबरच्या संध्याकाळी तुझ्या हातात द्यायचं होतं. चार महिने मी ते अडवून ठेवलं.

माझ्यावर राग धर, हवा तितका. तू मला माफ करावंस असं मी या कागदात कुठंही मागितलेलं नाही. फक्त त्या सकाळी कामावर गेल्याबद्दल स्वतःवर रागावणं आजपासून बंद कर. ते आईचं म्हणणं आहे, माझं नाही.

तिचा निरोप उशिरा पोचवणारा,
तुझा दादा